बेल-भंडाऱ्याची मुदत

पहाटे जाग आली की तानाबाई देवाचं नाव घ्यायच्या आधी गोधडीतल्या गोधडीत आपला उजवा हात चाचपायची. बाकीची बोटं शहाणी होती, पण करंगळीशेजारचं बोट रोज मिटलेलंच सापडायचं. आपणहून उघडायचं त्याचं नाव नाही. मग ती डाव्या हातानं ते धरायची, दात आवळायची आणि हळूच वर उचलायची. आधी काहीच हलायचं नाही, आणि मग एकाएकी कट् करून बोट सरळ व्हायचं. तळव्यापासून मनगटापर्यंत कळ जायची. शेजारी अर्जुनराव घोरत असायचे. नवऱ्याला काही ऐकू गेलं नाही याची खात्री झाली की मग बाई उठून चुलीकडं जायची.

आता बोट अडकतं तर अडकतं, त्यात एवढं लपवायचं काय, असं कुणीही म्हणेल. अहो, तेच तर सांगायचंय. मोशीत त्या सत्तावन्न साली ते बोट चार लोकांच्या नजरेला पडलं असतं, तर तानाबाई चोर ठरली असती. आणि बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या वावरातली मेथीची काडी उचलली नव्हती!

झालं होतं असं. अर्जुनराव थोरले, मुरारी धाकटा. दोघा भावांच्या चुली वेगळ्या, पण गोठा एकच. थोरली जाऊ तानाबाई आणि धाकटी गवराबाई वीस वर्षं त्या गोठ्यात पाठीला पाठ लावून म्हशी पिळत आलेल्या. फाल्गुनात गवराबाईची वज्रटीक गेली. तिच्या आईनं दिलेला गळ्यातला दागिना तो, लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला. उतरंडीच्या तळच्या मडक्यात, बाजरीत पुरून ठेवला होता. मडकं उपसलं तर बाजरीच बाजरी. गवराबाई ऊर बडवत अंगणात आली आणि शेजारपाजार जमला असताना बोलून गेली, "मडक्यात हाय हे मला आन् अक्काला दोघींनाच ठावं व्हतं!"

तोंडातून गेलेला शब्द काही माघारी येत नाही. गोष्ट चावडीवर गेली, आणि चावडीवरून खंडोबाच्या देवळात. देवळाचे पुजारी कोंडाजीबाबा म्हणाले, थोरलीनं बेल-भंडारा उचलावा. म्हणजे देवाच्या पायावरचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा उजव्या मुठीत घेऊन शपथ घ्यायची. चैत्राच्या पुनवेला तानाबाईनं सगळ्या गावासमोर तो उचलला. "मी नेली आसंल तर ह्यो हात झडू दे," म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. कापायचं कारणच नव्हतं.

शपथेची मुदत चंपाषष्ठीपर्यंतची. तोवर हिला काही बाधलं नाही तर हिचा शब्द खरा; मग गवराबाईनं भरल्या देवळात हिची ओटी भरायची आणि पाया पडायचं. आणि बाधलं तर? त्याबद्दल कोंडाजीबाबा काही बोलले नाहीत. गावालाही कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. गोठ्यात भिंत उभी राहिली असती, तानाबाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं, आणि सासरी नांदणाऱ्या तिच्या दोन लेकींना चोराच्या पोरी म्हणून ऐकून घ्यावं लागलं असतं.

आणि नेमकं ज्येष्ठापासून हे बोट अडकायला लागलं. भंडारा उचललेल्या हाताचंच, आणि तेही कुंकू लावायचं बोट. मेलं दुसरं कुठलं दुखायला काय झालं होतं!

बाईनं काय काय म्हणून केलं नाही. भाकरी थापताना ते बोट वर धरून थापली. पाणी आणताना कळशी डाव्या कमरेवर घेतली. हळद लावली, एरंडाचं पान बांधलं, एकदा तर जिवाच्या करारानं बोट मागं एवढं ओढलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि दोन दिवस हात सुजला. दुखणं सोसायला ती खंबीर होती. सोसवत नव्हता तो मनातला किडा. आपण वज्रटीक घेतलेली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आषाढ गेला, श्रावण गेला, बोट रोज पहाटे मिटायचंच, तेव्हा तिची तीच आपल्याशी वाद घालायला लागली. देव का उगीच धरतो कुणाचं बोट? नकळत तर नाही ना काही झालं? बाजरी काढायला गवरेनंच पाठवलं होतं एकदा, तेव्हा पदरात अडकून तर नाही ना आली? भादव्यात एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं स्वतःच्याच उतरंडीची सगळी मडकी खाली काढली आणि धान्यात कोपरापर्यंत हात घालून वज्रटीक शोधली. नव्हतीच, कुठून असणार! मडकी परत रचताना मात्र तिला इतकं रडू आलं की तिथंच बसकण मारली.

दिवाळी आली. भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळच्या धारा चालल्या होत्या. तानाबाई मोरी म्हशीखाली बसली होती. चार बोटांनी आचळ ओढायची सवय तिनं लावून घेतली होती, पण थंडीनं हात आखडलेला, पाचवंही बोट सवयीनं आचळाभोवती गेलं आणि जागच्या जागी बसलं. सोडायला गेली तर सुटेना! मोरीला कळेना की ही बाई आज एवढी का लोंबकळतेय. तिनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि मग सरळ लाथ झाडली. चरवी एकीकडं, दूध एकीकडं, आणि तानाबाई शेणात.

"अगं बया!" म्हणत गवराबाई पलीकडून धावत आली. चैत्रापासून दोघी कामापुरतंच बोलत होत्या, पण माणूस पडल्यावर कोण ते बघतं? तिनं उठवायला तानाबाईचा उजवा हातच धरला. हात हातात आला आणि तिची नजर मिटलेल्या बोटावर गेली. तानाबाईनं हात पदराखाली ओढला, पण उशीर झाला होता.

 गवराबाईनं चरवी उचलली, विसळली, तिच्याजवळ ठेवली आणि ती आपल्या म्हशीकडं गेली.

तो अख्खा दिवस तानाबाईनं कान दारात ठेवून काढला. आता पाणवठ्यावर कळेल, आता तोंडाळ शालनबाईच्या तोंडात पडेल, आता कोंडाजीबाबांचं बोलावणं येईल. काही आलं नाही. दुसऱ्या सकाळी गवराबाईच दारात उभी राहिली. "अक्का, लुगडं बदल. चिंचवडला जाऊ. यशवंतराव डागदर हायेत, आमच्या ह्यांच्या कारखान्यातली मानसं हातापायाचं दाखवायला तिथंच जात्यात. भाऊजींना मी निरोप दिलाय, म्हशीनं हाताला लागलंय म्हनून. त्ये गाडी जुपत्यात."

तानाबाईनं मनाशी ताडलं. डॉक्टरचा शब्द घेऊन ही बाई देवळात उभी राहणार, दुसरं काय! पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? ती गाडीत बसली. अर्जुनराव पुढं बैल हाकत होते, मागं दोघी जावा दोन टोकांना. 

यशवंतराव डॉक्टर पन्नाशीचे, चष्मेवाले, शांत गृहस्थ. त्यांनी तानाबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि बोट मिटायला, उघडायला सांगितलं. कट् झालं तसं त्यांनी बोटाच्या मुळाशी, तळव्यावर अंगठा टेकवला. तिथं हरभऱ्याएवढी गाठ होती. तानाबाई कळवळली.

"किती दिवस झाले याला, बाई?"

साधा प्रश्न. डॉक्टर लोक सगळ्यांनाच विचारतात. पण तानाबाईचा बांधच फुटला. "बेल-भंडारा उचलल्यापासनं," ती म्हणाली, आणि मग वज्रटीक, मडकं, शपथ, मुदत सगळं भडाभडा बोलून गेली. गवराबाई शेजारीच खाली मान घालून बसली होती. "म्या न्हाई घेतली हो, डागदरसाहेब. पन मग देवानं ह्येच बोट का धरलं? आता माझं मलाच खरं वाटंना झालंय!"

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. "देवाचं मला सांगता येणार नाही," ते म्हणाले, "बोटाचं सांगतो." त्यांनी गवराबाईच्या कमरेचा बटवा मागून घेतला. त्याच्या दोरीला मध्येच एक गाठ मारली आणि दोरी ओढली. गाठ नेफ्याच्या तोंडाशी येऊन अडकली. आणखी जोर लावला तशी टचकन आत गेली. "हे बघा. बोट मिटायला तळव्यातून अशी एक दोरी जाते, आणि ती जागेवर राहावी म्हणून तिच्यावर कडी असते. वर्षानुवर्षं मूठ आवळून कडी जाड होते, दोरीला गाठ येते. मग मिटताना जाते, उघडताना अडकते. सकाळी जास्त, कारण रात्रभर हात हललेला नसतो. दोन्ही वेळा धारा काढणाऱ्या बाईला हे व्हायचंच. चोराला होतं आणि साधूला होत नाही, असं काही नाही."

मग त्यांनी तिची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर तापवून पाहिली. निळी ती निळीच राहिली. मधुमेहवाल्यांना हे दुखणं जास्त होतं म्हणून बघितलं, तुम्हाला तो नाही, म्हणाले. तानाबाईनं सगळं ऐकलं, बटव्याची गाठ स्वतः ओढून बघितली. तिला ते पटलंही. तरी तिनं विचारलंच, "पन मग भंडारा उचलल्यावरच कसं झालं?"

 डॉक्टर बोटाला आधार म्हणून बांधायची खपाची शोधायला कपाटाकडं वळले.

"तवापासनं न्हाई, डागदर," गवराबाई एकदम म्हणाली. मान खालीच. "त्येच्या आधीपासनं हाय. भोगीच्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आमी धारा काढत व्हतो. हिच्या बोटातनं कट् करून आवाज आला. म्हशीनं कान टवकारलं. म्या इचारलं, काय गं वाजलं? तर ही म्हनली, बोट मोडलं, आन् कुनाला शिव्या घालू सांग. आमी दोघी किती हसलो. अक्का, आठवतंय का?"

तानाबाई तिच्याकडं बघतच राहिली. आठवत होतं. आता सांगितल्यावर लख्ख आठवत होतं. तेव्हा ते नुसतं वाजायचं, अडकायचं नाही, म्हणून मनावर घेतलं नव्हतं. भोगी पौषात, वज्रटीक गेली फाल्गुनात, भंडारा उचलला चैत्रात. म्हणजे बोट आधीचं. सगळ्याच्या आधीचं!

"काल तुझं बोट दिसलं तवा मला आनंद झाला," गवराबाई म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "खोटं कशाला बोलू? वाटलं, देवानं दाखवून दिलं, माझंच खरं. पाणवठ्यावर सांगायलाच निघाले व्हते. कळशी उचलली आन् भोगी आठवली. मग पायच उचलंना."

डॉक्टरांनी बोटाला कापूस गुंडाळून बांबूची खपाची बांधली. सहा आठवडे ती ठेवायची, धारा काढायच्या नाहीत, मूठ आवळायची नाही, दिवसातून दोनदा सोडून कोमट पाण्यात हात धरायचा. बोट जोर लावून ओढायचं तर मुळीच नाही. एवढ्यानं सुटलं तर ठीक, नाहीतर तळव्यावर बारीक चीर देऊन ती कडी मोकळी करू, हात बधिर करून, घाबरायचं कारण नाही.

तानाबाईनं मनात आठवडे मोजले. "साहेब, चंपाषष्ठी झाल्यावर बांधली तर न्हाई का चालायची?"

"आधीच इतके महिने घालवलेत. आणखी घालवाल तर बोट कायमचं आखडेल," डॉक्टर म्हणाले. चंपाषष्ठीला बांधलेलं बोट गाव कसं बघेल ते त्यांना कळलं नाही. गवराबाईला मात्र कळलं.

परतताना गाडीत तानाबाईनंच तोंड उघडलं. "डागदरासमोर बोललीस, गवरे. गावासमोर बोलशील?"

गवराबाई बैलांच्या शिंगांकडं बघत राहिली.  तानाबाईला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर कीवही आली. गावासमोर आपलंच म्हणणं खोटं पाडायचं म्हणजे नवऱ्याची मान खाली, लेकीच्या लग्नाची बोलणी चाललेली, लोक काय काय बोलणार. सोपं का होतं ते?

पुढचा महिनाभर गवराबाई चारी म्हशी एकटी पिळत होती. न सांगता थोरल्या घरची चरवी भरून उंबऱ्यात ठेवायची आणि निघून जायची. पण बोलायची नाही. खपाची काही पदराखाली लपत नव्हती. शालनबाईनं पाणवठ्यावर पहिल्यांदा बघितली, आणि दुसऱ्या दिवसापासून तानाबाई आली की बायका गप्प व्हायला लागल्या. "भंडारा भोवला," असं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. अर्जुनराव जेवताना एवढंच म्हणाले, "तू घेतली न्हाईस. मला कुना भंडाऱ्याची गरज न्हाई." बाईला त्या एका वाक्याचा केवढा आधार वाटला. पण गावाला गरज होती ना.

चंपाषष्ठीच्या सकाळी घरोघर वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे होत होते. तानाबाईनं खपाची सोडून कोनाड्यात ठेवली. बोट बरंच सैल झालं होतं, पण सकाळी अजून एकदा तरी अडकायचंच. आज देवळात नाही अडकलं म्हणजे मिळवली, असं म्हणत ती नैवेद्याचं ताट उचलायला वाकली, तोच गवराबाई आत आली. कोनाड्यात बघितलं आणि थांबली.

"सोडलीस व्हय?"

"मग काय करू? बांधून गेले तर चोर. सोडून गेले आन् देवळात अडकलं, तर चोर ती चोर आन् वर लपवती म्हनून खोटी."

गवराबाईनं तिला खाली बसवलं. खपाची घेतली, कापूस नीट केला, आणि डॉक्टरांनी बांधली तशी, अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत, बांधून दिली.  "पदराभाईर ठेव हात," म्हणाली. "आन् माझ्या मागं चाल."

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. येळकोटाचा गजर झाला, तळी भरून झाली, भंडारा उधळला गेला. मग कोंडाजीबाबांनी हात वर केला आणि सगळं शांत झालं. "तानाबाई, फुडं ये. मुदत भरली. हात दाव."

तानाबाई पुढं झाली. हात पुढं केला. पांढऱ्या पट्टीतलं ते ताठ बोट सगळ्या गावानं बघितलं, आणि बायकांच्या बाजूनं हुंकार आला. तानाबाईला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"थांबा," गवराबाई म्हणाली. ती पायरी चढून सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं देवाच्या पायावरचं बेलाचं पान उचललं, मूठभर भंडारा घेतला आणि गावाकडं तोंड करून उभी राहिली. मुरारीचं तोंड पांढरंफटक पडलं.

"आता मी उचलते. अक्काचं बोट भोगीच्या दिवसापासनं वाजतंय. म्या माझ्या कानानं ऐकलंय. माझी वस्तू जायच्या आधी. दोन्ही वक्ताला म्हशी पिळून पिळून झालंय ते, डागदरानं दावलंय. ह्यात खोटं आसंल तर माझा हात झडू दे."

 कोंडाजीबाबा हळू आवाजात म्हणाले, "मग वज्रटीक कुनी नेली, पोरी?"

"मला ठावं न्हाई, बाबा," गवराबाई म्हणाली. "मला तवाबी ठावं न्हवतं."

आणि भंडाऱ्यानं भरल्या हातानं तिनं तानाबाईचे पाय धरले. तानाबाईनं तिला उठवलं. गावासमोर काय बोलायचं ते आठ महिने मनात घोळवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "ऊठ गं, ऊठ," एवढंच म्हणत राहिली.

खपाचीनं बोट पुरतं काही सुटलं नाही. पौषात डॉक्टरांनी तळव्यावर बोटभर सुद्धा नाही अशी चीर दिली, आणि दोन टाके घातले. हात बधिर होता, तानाबाई सगळं टक लावून बघत होती; डोळे घट्ट मिटून घेतले होते ते तिचा डावा हात धरून बसलेल्या गवराबाईनं. "आता मिटा, उघडा," डॉक्टर म्हणाले. बोट मिटलं. बोट उघडलं. कुठंही अडकलं नाही, काही वाजलं नाही. तानाबाईनं ते दहा वेळा करून बघितलं तेव्हा डॉक्टरांनीच पुरे म्हटलं.

वज्रटीक काही सापडली नाही. आजतागायत नाही. गवराबाईनं लेकीला आपल्या गळ्यातली बोरमाळ घालून सासरी पाठवलं, ते पुढं.

त्या दिवशी टाके घालून चिंचवडहून परतताना मात्र दोघी गाडीत एका टोकाला बसल्या होत्या. ओढा ओलांडला तशी गवराबाई म्हणाली, "अक्का, भंडारा तर म्याबी उचललाय. आता माझी मुदत फुडच्या चंपाषष्ठीपातुर. तोवर हाताला खरचटलं तरी गाव बघत बसंल."

तानाबाईनं पट्टी बांधलेला हात तिच्या मांडीवर ठेवला.

"बघू दे की. तुला काय बी झालं तर मी सांगीन, हे आधीपासनंच व्हतं म्हनून."